आम्ही पाच, तिकिटं चार: ऑनलाइन कॉन्सर्ट तिकिटांच्या मर्यादेबद्दल बोलायचंय

सुरवेडी:
नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय, कारण डोकं तापलंय. आमचा पाच जणांचा ग्रुप, कॉलेजपासूनचा. ज्या बँडची आम्ही वर्षानुवर्षं वाट बघतोय त्याच्या कॉन्सर्टची विक्री परवा सुरू झाली. नियम काय, तर एका अकाउंटला जास्तीत जास्त चार तिकिटं. मी रांगेत होते, नंबर आला, चार तिकिटं कार्टमध्ये पडली, पाचवं काही केल्या टाकता येईना. वरती टायमर पळतोय, ग्रुपवर सगळे ओरडतायत घे घे घे, म्हटलं ही चार तर घेऊन टाकू, पाचवं मैत्रीण तिच्या अकाउंटवरून घेईल. तिचा नंबर लागेपर्यंत सगळं संपलं होतं.

इथवर ठीक आहे, गर्दी असते, मिळत नाहीत. पण त्याच संध्याकाळी रीसेलच्या साइटवर बघितलं तर एकाच रांगेतल्या सलग दहा-बारा सीट विकायला ठेवलेल्या. मला पाचवं मिळत नाही आणि यांना बारा कशी मिळतात? मग ही मर्यादा नक्की कुणासाठी आहे? आणि दुसरा शो जाहीर होण्याची शक्यता आहे, तर पाच जणांनी घ्यायची कशी हेही सांगा. पाचवी मैत्रीण म्हणतेय तुम्ही जा, मी नाही आले तरी चालेल. मला ते अजिबात चालणार नाहीये.

बेसुरा_पण_हौशी:
विषय अगदी जिव्हाळ्याचा. पाचातला कोण बाहेर राहणार यावर धागा काढलात तर तो याच्याहून लांब जाईल :)

खिडकीपाशी:
सुरवेडी, वाईट वाटलं. पण मर्यादेला दोष देऊ नका. मर्यादा नसती तर ही चारही मिळाली नसती. तुमच्या पुढे रांगेत असलेल्या प्रत्येकाने "असू देत जास्तीची, कुणी ना कुणी येईलच" म्हणून दहा-दहा उचलली असती. माणसाचा स्वभाव आहे तो, टंचाई दिसली की हात आपोआप जास्त मारला जातो. मला स्वतःला चारच्या मर्यादेमुळेच शेवटच्या क्षणी तिकिटं मिळालेली आहेत.

वादळवारा:
खिडकीपाशी यांना अनुमोदन. उलट मी म्हणेन चार पण जास्त आहेत, दोनच ठेवा. एक आपलं, एक सोबत्याचं. दलालाला दोन-दोनने गोळा करायला घाम फुटेल.

जुळ्यांची_आई:
वादळवारा, दोन केली तर मी दोन मुलांना घेऊन जायचंच नाही का? आई एक, मुलं दोन, तिथेच तीन झाली. एक मूल घरी ठेवू?

आमच्याकडे झालेलं सांगते. आम्ही घरात पाच माणसं. मी माझ्या अकाउंटवरून तीन घेतली, नवऱ्याने त्याच्या अकाउंटवरून दोन. पैसे गेले, कन्फर्मेशन आलं, मुलं नाचली. चारेक दिवसांनी मेल, की तुमची दुसरी ऑर्डर मर्यादेपेक्षा जास्त असल्याने रद्द करण्यात आली आहे. कारण काय तर दोन्हीकडे कार्ड एकच आणि पत्ता एकच. अहो, नवरा-बायकोचा पत्ता एकच असणार ना! नियमांच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात "प्रति कुटुंब" असं लिहिलेलं होतं आणि तिकीट निवडायच्या पानावर "प्रति अकाउंट". आम्ही वाचलं ते निवडायच्या पानावरचं. पैसे परत आले, पण मुलांना काय सांगायचं? तोपर्यंत सगळं विकलं गेलेलं. मला राग मर्यादेचा नाहीये, राग याचा आहे की चार दिवसांनी सांगता. त्याच क्षणी अडवलं असतं तर मी काहीतरी दुसरी सोय केली असती.

सुरवेडी:
बाप रे. जुळ्यांची आई, हे तर आमच्याहून वाईट. मिळून गेलेलं काढून घेणं.

कोडकरी:
मी अशा सिस्टिम बनवणाऱ्या क्षेत्रात आहे (तिकिटांच्या नाही, पण ऑनलाइन विक्रीच्या), त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

साइटला "माणूस" कळत नाही. तिला कळतो ईमेल, फोन नंबर, कार्ड, पत्ता आणि तुम्ही ज्या कनेक्शनवरून आलात तो आयपी. यातल्या कशावर मर्यादा लावायची हे आयोजक आणि साइट ठरवतात. आता साध्या माणसाकडे हे सगळं एकेकच असतं. घरातल्या चौघांचं वायफाय एक, पत्ता एक, बरेचदा कार्डही एक. म्हणजे ते चौघं मिळून सिस्टिमच्या दृष्टीने एकच माणूस. उलट धंदा करणाऱ्याकडे शेकड्याने ईमेल, शेकड्याने नंबर, तात्पुरती व्हर्च्युअल कार्डं, भाड्याने घेतलेले आयपी. म्हणजे तो एकटा सिस्टिमच्या दृष्टीने शेकडो प्रामाणिक माणसं. त्यामुळे मर्यादा जितकी कडक कराल तितकी ती घरच्यांना आधी लागते आणि धंदेवाल्याला सगळ्यात शेवटी. वादळवारांची दोनची सूचना इथेच अडकते. चारऐवजी दोन केलं तर त्याला दुप्पट अकाउंट लागतील, जी त्याच्याकडे तयारच असतात.

जुळ्यांच्या आईंच्या बाबतीत ऑर्डर नंतर रद्द होते त्याचं कारण असं, की विक्रीच्या वेळी प्रत्येक ऑर्डर दुसऱ्या सगळ्या ऑर्डरींशी ताडून बघत बसलं तर साइट हळू होते, म्हणून ती तपासणी नंतर निवांत करतात. तांत्रिक कारण खरं आहे, पण माझ्या मते ती सबब म्हणून खपवून घेऊ नये. निदान एकाच कार्डाची तपासणी पैसे भरतानाच करता येते, ते अवघड काम नाही.

तिसरी_घंटा:
कोडकरी म्हणतायत त्याचा पुरावा. न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने जानेवारी २०१६ मध्ये तिकीट विक्रीवर एक अहवाल काढला होता. त्यात २०१५ च्या यू टू बँडच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या शोचं उदाहरण आहे. विक्री सुरू झाल्यावर पहिल्या एका मिनिटात एकाच दलालाने १,०१२ तिकिटं घेतली. आणि मर्यादा किती होती माहितीये? चार!

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती जी मला जास्त लागली. त्यांनी तपासलेल्या कॉन्सर्टमध्ये सरासरी ४६ टक्केच तिकिटं सर्वसामान्य विक्रीला आली होती. बाकीची आधीच प्रीसेलला (विशिष्ट कार्डवाले, फॅन क्लबवाले वगैरे) किंवा आयोजक, कलाकार, स्टेडियमवाले यांच्यासाठी राखीव. म्हणजे आपण इथे चार की पाच यावर भांडतोय ते अर्ध्याहून कमी ताटातल्या वाढपावरून.

बेसुरा_पण_हौशी:
१,०१२!! एका मिनिटात माझा पासवर्ड टाकून होत नाही.

जुना_श्रोता:
खिडकीवरच्या रांगांच्या काळातला माणूस आहे मी. तेव्हाही माणशी इतकीच असा नियम असायचा आणि तेव्हाही तो मोडणारे होतेच. पैसे देऊन पोरं रांगेत उभी करायचे, तिकिटं घेऊन आली की पुन्हा शेवटी जाऊन उभी. पण एक फरक होता. खिडकीतला माणूस चेहरा ओळखायचा, आणि मागची रांग तर त्याहून जास्त ओळखायची. "ए, तू मघाशी घेऊन गेलास ना" असं कुणीतरी ओरडायचंच. आता मागे कोण उभा आहे, पुढे कोण आहे, काहीच दिसत नाही. एक पट्टी सरकताना दिसते आणि तिच्यावर विश्वास ठेवून बसायचं. तरुण मंडळी, ती रांग तरी खरी असते का? मी लवकर येऊन बसतो आणि माझ्या मुलीला उशिरा येऊनही माझ्या आधीचा नंबर मिळतो.

कोडकरी:
काका, बऱ्याच ठिकाणी असंच असतं. विक्री सुरू होण्याआधी जे वेटिंग रूममध्ये असतात त्या सगळ्यांचे नंबर सुरुवातीच्या क्षणी सोडतीसारखे काढले जातात. त्यामुळे तासभर आधी आलेला आणि दोन मिनिटं आधी आलेला दोघांना सारखीच संधी. विक्री सुरू झाल्यानंतर आलात तर मात्र शेपटाला. हे असं करण्यामागे हेतू चांगला आहे, नाहीतर ज्याचं नेट वेगवान किंवा ज्याचा बॉट (माणसाऐवजी आपोआप तिकिटं घेणारा प्रोग्रॅम) वेगवान तोच कायम पहिला. पण हे पानावर ठळक लिहायला काय हरकत आहे? लोक उगाच पहाटेपासून बसतात.

फायदातोटा:
माझं मत पटणार नाही बहुतेकांना, तरी लिहितो. मी कधीही मर्यादेइतकी सगळी तिकिटं घेतो, चार तर चार, सहा तर सहा. दोन आम्हाला, उरलेली भाव चढला की विकतो, माझा शो फुकटात होतो. मी बॉट वापरत नाही, खोटी अकाउंट नाहीत, नियमात बसून घेतो. पैसे मी अडकवतो, शो रद्द झाला तर धोकाही माझाच. शेअर घेतो तसंच आहे हे. यात चूक काय?

सुरवेडी:
फायदातोटा, चूक ही की त्या जास्तीच्या दोनांतलं एक आमच्या पाचवीचं होतं.

वादळवारा:
+१ सुरवेडी. आणि शेअर कुणी ऐकायला जात नाही.

खिडकीपाशी:
मला फायदातोटा यांचा राग येत नाही, त्यांनी निदान खरं लिहिलं. पण दादा, एक विचार करा, तुमच्यासारखी हजार माणसं "नियमात बसून" दोन-दोन जास्त घेतात तेव्हा दोन हजार खुर्च्या अशा जातात ज्यांच्यावर बसणाऱ्याला ऐकण्यापेक्षा त्यासाठी किती मोजले याचंच दुःख जास्त. मर्यादा ही कमाल आहे, तेवढी घ्यायलाच हवीत असं तिचं म्हणणं नाही.

फायदातोटा:
ठीक, पण मग विकायला बंदी घाला ना. मला परवानगी आहे म्हणून मी करतो. उद्या नियम केला की घेतल्या किमतीलाच परत करायचं, तर मी दोनच घेईन, शपथेवर सांगतो.

कायद्याचं_बोला:
फायदातोटा यांच्या या शेवटच्या वाक्यात खरं मर्म आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेत २०१६ साली बॉट्स अॅक्ट आला. विक्रेत्याने लावलेली मर्यादा किंवा सुरक्षा चुकवून तिकिटं घेणं बेकायदा ठरलं. पण त्याखालची पहिली कारवाई व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं, न्यूयॉर्कच्या तीन दलाल कंपन्यांवर. ब्रिटनमध्ये २०१८ पासून तर खास हाच गुन्हा आहे, मर्यादेपेक्षा जास्त तिकिटं मिळवण्यासाठी सॉफ्टवेअर वापरणं. हे दोन्ही कायदे खरेदीच्या बाजूचे. चोर पकडायचा तर आधी दिसला पाहिजे, आणि कोडकरींनी सांगितलंच की तो दिसतच नाही.

दुसरी पद्धत विक्रीच्या बाजूची. जपानमध्ये जून २०१९ पासून आयोजकाच्या संमतीशिवाय चढ्या भावाने तिकिटं विकण्याचा धंदा करणं गुन्हा आहे. आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीच्या वर विकता येत नाहीत. इथे साधा हिशोब आहे, नफाच नसेल तर कोण कशाला हजार अकाउंट सांभाळत बसेल?

आणि आता ताजं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) आणि सात राज्यांनी तिकीटमास्टर ही तिकीट विकणारी कंपनी आणि तिची मालक लाइव्ह नेशन यांच्यावर खटला भरला. त्यातला एक आरोप थेट आपल्या धाग्याचा विषय आहे, की मर्यादा जाहीर करायची, ग्राहकाला सांगायचं की ती सगळ्यांना लागू आहे, आणि दलाल ती ओलांडतात तिकडे काणाडोळा करायचा. तक्रारीत लिहिलंय की फक्त पाच दलालांकडे मिळून ६,३४५ अकाउंट होती आणि २,५९४ कार्यक्रमांची २,४६,४०७ तिकिटं. हे आरोप आहेत, निकाल नाही, हे लक्षात ठेवून वाचा. पण कारण समजून घ्या. जी कंपनी पहिल्यांदाही विकते आणि रीसेलही चालवते तिला तेच तिकीट दोनदा विकलं की दोनदा शुल्क मिळतं. मर्यादा कडक पाळण्यात तिचा फायदा कुठे आहे?

तिसरी_घंटा:
कायद्याचं_बोला, दंडवत. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

जुळ्यांची_आई:
६,३४५ अकाउंट दिसत नाहीत आणि माझ्या नवऱ्याचं एक दिसलं. यावर मी काय बोलू.

निळी_शाई:
थोडं वेगळं मत. बॉट बॉट सगळे म्हणतात पण काही वेळा खरोखर माणसंच इतकी असतात की कुठलीही मर्यादा पुरी पडत नाही. टेलर स्विफ्टच्या एराज टूरचं २०२२ चं प्रीसेल आठवा. मर्यादा सहा, आधी नोंदणी करून पडताळलेल्या चाहत्यांनाच कोड. नोंदणी झाली ३५ लाख लोकांची! विक्रीच्या दिवशी साइटवर साडेतीन अब्ज रिक्वेस्ट आल्याचं तिकीटमास्टरनेच सांगितलं, आणि शेवटी सर्वसामान्य विक्री रद्दच केली. त्या दिवशी बॉट होतेच, पण बॉट नसते तरी लाखो लोक रडलेच असते. स्टेडियमला भिंती आहेत, माणसांना नाहीत. कधीकधी आपण मर्यादेवर चिडतो तेव्हा खरं दुःख खुर्च्याच कमी असल्याचं असतं.

वादळवारा:
अवांतर: भावाचं पण बोला की कुणीतरी. ओएसिस या ब्रिटिश बँडच्या २०२४ च्या विक्रीत प्रति कुटुंब चारची मर्यादा होती, लोक तासन्‌तास रांगेत, आणि नंबर लागल्यावर उभं राहायच्या तिकिटांचा भाव दुपटीच्याही वर गेलेला. मर्यादा किती घ्यायची यावर, भावावर मात्र मर्यादा नाही.

खिडकीपाशी:
वादळवारा, तो वेगळा धागा होईल, आणि मीही येईन तिथे भांडायला. इथे मर्यादेवरच राहू.

उतारवाट:
मी व्हीलचेअर वापरते. आमच्यासाठीच्या जागांची मर्यादा वेगळी असते हे इथे कुणाला माहीत आहे का? अनेक ठिकाणी नियम असा, की एक व्हीलचेअरची जागा आणि तिच्यासोबत एक सोबती. बस. म्हणजे मला मैत्रिणींच्या घोळक्यात जाऊन ऐकायचं असेल तर एकजण माझ्यासोबत आणि बाकीच्या कुठेतरी दुसऱ्या टोकाला. दरवेळी ठरवावं लागतं की या वेळी माझ्यासोबत "कोण बसणार", आणि त्या प्रश्नाचा मला किती कंटाळा आलाय ते सांगू शकत नाही. वर बऱ्याचदा या जागा ऑनलाइन घेताच येत नाहीत, फोन करा म्हणतात, आणि फोनवर माझ्या आधी किती जण आहेत हेही कळत नाही.

दलालांना रोखायला केलेला नियम आमच्यावर जसाच्या तसा का लावता? या जागा कुणी हजारोंनी पळवत नाहीये. चारची मर्यादा सगळ्यांना आहे ना, मग मलाही चार द्या, शेजारी शेजारी.

सुरवेडी:
उतारवाट, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या पाचवीचा विषय काढला तेव्हा असं कुणाच्या बाबतीत दरवेळीच होत असेल असं डोक्यातही आलं नाही. लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

जुना_श्रोता:
उतारवाट, आयोजकांना लिहा आणि मसुदा इथे टाका, मी माझ्या नावाने पाठवतो. अजून दहा जण पाठवतील.

निळी_शाई:
मी पण पाठवते.

भटकभवानी:
इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत फेस्टिव्हलबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? तिथे आधी फोटोसकट नोंदणी करावी लागते. विक्रीच्या दिवशी एका वेळी सहा तिकिटं घेता येतात, पण सहाही जणांचे नोंदणी क्रमांक टाकावे लागतात. तिकिटावर तुमचा फोटो असतो आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. यायचं नसेल तर परत करा, परत आलेली तिकिटं ते स्वतः पुन्हा विकतात. मिळणं तरीही महाकठीण, निळी_शाई म्हणतात तसं माणसंच तेवढी आहेत. पण निदान हरलो तर आपल्यासारख्याच कुणाकडून हरलो एवढं समाधान राहतं.

माझ्या मते मर्यादा अशीच हवी, डोकी मोजणारी. अकाउंट मोजू नका. सहा माणसांची नावं द्या, सहा तिकिटं घ्या. उरलेलं सगळं त्याच्या मागे येतं.

कोडकरी:
सहमत, पण एक अडचण. दारावर दर माणसाचं ओळखपत्र तपासायला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि आयोजक तिथे खर्च करायला तयार नसतात. इटलीत २०१९ पासून पाच हजारांवरच्या कार्यक्रमांना नावाची तिकिटं आहेत, म्हणजे जमत नाही असं नाही. आणि नावाची केली की परत करायची सोपी सोय हवीच, नाहीतर आजारी पडलेल्याचे पैसे बुडतात आणि खुर्ची रिकामी राहते.

खिडकीपाशी:
यावर माझं मत बदललं. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा चार हा आकडाच महत्त्वाचा वाटत होता. भटकभवानींचं वाचल्यावर वाटतं, आकड्यापेक्षा तो कशाला चिकटवलाय ते बघायला हवं.

तिसरी_घंटा:
सुरवेडी यांचा दुसरा प्रश्न राहिलाच की! पाच जणांनी घ्यायची कशी? मी सांगतो, बाकीचे भर घाला.

चार अधिक एक असं कधी करू नका. तीन अधिक दोन करा. बसायच्या जागा असतील तर कित्येक साइट एकच खुर्ची मागे सोडून खरेदी करू देत नाहीत, आणि एकटं तिकीट मिळालं तरी तो एक माणूस पूर्ण शो एकटाच बसतो. तीन आणि दोन असेल तर कुणी एकटं पडत नाही. दोघींनी आपापलं अकाउंट, आपापलं कार्ड, आपापला फोन, आणि शक्यतो वेगळं नेट वापरा. आधी नियमाचं अख्खं पान वाचा: प्रति अकाउंट, प्रति कार्ड, प्रति कुटुंब की प्रति शो, आणि प्रीसेलला घेतलेली त्यात धरतात का. कोणता विभाग आणि नाही मिळाला तर कोणता, हे आधी ठरवून ठेवा, टायमर सुरू झाल्यावर ग्रुपवर मतदान घेऊ नका.

कोडकरी:
भर घालतो: एकाच अकाउंटने चार टॅब उघडू नका. बऱ्याच साइट ते बॉटसारखं वागणं समजतात आणि सगळेच टॅब बाहेर काढतात. नंबर लागल्यावर पान रिफ्रेश करू नका. पत्ता, कार्ड आदल्या दिवशीच भरून ठेवा.

बेसुरा_पण_हौशी:
आणि आता संपली तरी आशा सोडू नका. स्टेज प्रत्यक्ष उभारलं की साउंड आणि कॅमेऱ्यासाठी अडवून ठेवलेल्या काही जागा मोकळ्या होतात, त्या शोच्या आधीच्या दिवसांत गाजावाजा न करता त्याच अधिकृत साइटवर येतात. मला अशीच एकदा इतकी पुढची जागा मिळाली की ड्रमरच्या काठ्या मोजता आल्या.

सुरवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन अधिक दोन ठरलं, मी आणि पाचवी मैत्रीण मिळून दोन घेणार, बाकी तिघींपैकी एक तीन घेईल. हातात आहेत ती चार सध्या राहू देत, दुसऱ्या शोची पाच मिळाली तर ही चार अधिकृत परतीच्या सोयीतून मूळ किमतीला परत करू. फायदातोटा, तुम्हाला नाही देणार :)

फायदातोटा:
मागितलीही नाहीत. पण मूळ किमतीला देताय तर माझ्या भाचीला हवी होती, ती दोन वर्षं याच बँडची गाणी गिटारवर बसवतेय. खरंच विचारतोय.

सुरवेडी:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुसऱ्या शोचं कळलं की बोलू.

उतारवाट:
मसुदा लिहायला घेतलाय, रविवारपर्यंत वेगळ्या धाग्यावर टाकते. मुद्दे तीन ठेवलेत: आम्हालाही इतरांइतकीच मर्यादा, सोबतच्या जागा शेजारी, आणि खरेदी ऑनलाइन. जुळ्यांची आई, तुमचा "मर्यादा एकाच जागी, एकाच शब्दांत लिहा आणि पैसे घ्यायच्या आधी अडवा" हा मुद्दा चौथा म्हणून घालू का?

जुळ्यांची_आई:
घाला घाला. आणि सही करणाऱ्यांत आमच्या घरातली दोन नावं धरा, पत्ता एकच असला तरी.